ठरवलं काय, मोजलं काय

१. आलेखाचा कागद ओढण्याआधी प्रयोग आठवावा. बीड जिल्ह्यात अकरावी-बारावीला रसायनशास्त्र शिकवताना मी मुलांना दोनच गोष्टी विचारतो. आपण काय ठरवलं? मग काय मोजलं? ठरवलं ते स्वतंत्र चल, आडव्या अक्षावर. मोजलं ते अवलंबी चल, उभ्या अक्षावर. अनुमापनात ब्युरेटमधून अल्कली किती सोडायची हे आपल्या हातात असतं. सामू किती झाला हे द्रावण सांगतं.

२. ‘वेळ नेहमी आडव्या अक्षावर’ हे पाठांतर हायपोच्या प्रयोगात मोडतं. हायपोच्या, म्हणजे सोडियम थायोसल्फेटच्या, द्रावणात हायड्रोक्लोरिक आम्ल घातलं की गंधक सुटतं, द्रावण गढूळ होतं आणि फ्लास्कखालच्या कागदावरची फुली दिसेनाशी होते. इथे आपण निवडतो ती हायपोची संहती. फुली किती सेकंदांत गेली, हे घड्याळात बघून लिहितो. म्हणजे वेळ उभ्या अक्षावर. चांगली हुशार मुलंही इथे थबकतात, आणि त्यांनी थबकावं असंच मला वाटतं.

३. न बदललेल्या गोष्टीही जर्नलमध्ये लिहाव्यात. आम्ल तेवढंच, एकूण आकारमान तेवढंच, हे मुलं सांभाळतात; तापमान निसटतं. आमच्याकडे फेब्रुवारीत सकाळच्या बॅचला प्रयोगशाळा गार असते, दुपारच्या बॅचला पत्रा तापलेला असतो. तापमान 10 अंशांनी वाढलं की पुष्कळ अभिक्रियांचा वेग साधारण दुप्पट होतो. दोन्ही बॅचची रीडिंग एकाच रेषेत बसवू नयेत.

४. एकच राशी दोन आलेखांत दोन जागी बसू शकते. हे मी उसावरून शिकवतो, कारण वर्गातल्या कितीतरी मुलांचे आईवडील दिवाळीनंतर कोयता घेऊन कारखान्यांवर जातात. तोडलेला ऊस फडात पडून राहिला की वजन घटतं आणि मजुरी टनावर मिळते, हे त्या मुलांना पुस्तकाआधीच माहीत असतं. तास स्वतंत्र, वजन अवलंबी, हे ती न अडखळता सांगतात. वजनाबरोबर साखरही उतरते, कारण तिचं ग्लुकोज आणि फ्रुक्टोजमध्ये विघटन होऊ लागतं.

हेच विघटन आम्लाच्या द्रावणात घडवून लुडविग विल्हेल्मीने 1850 मध्ये ते पोलारिमीटरवर मोजलं. ध्रुवित प्रकाश उजवीकडे वळवणारं द्रावण हळूहळू डावीकडे वळवू लागतं. किती वळलं यावरून किती साखर उरली ते कळतं. पहिल्या आलेखात वेळ आडवी, उरलेली साखर उभी. विल्हेल्मीला दिसलं की कुठल्याही क्षणी विघटनाचा वेग उरलेल्या साखरेच्या प्रमाणात असतो. हे दाखवणारा आलेख काढायचा तर साखर आडव्या अक्षावर येते आणि वेग उभ्या. रीडिंग तीच, विचारलेली गोष्ट वेगळी. म्हणून ‘संहती कुठल्या अक्षावर घ्यायची, सर?’ असं कुणी विचारलं की मी आधी विचारतो, ‘कशावर काय अवलंबून आहे ते दाखवायचंय?’

५. तापमान आणि अभिक्रियेचा वेग यांचं नातं दाखवणाऱ्या आऱ्हेनियसच्या आलेखात आडव्या अक्षावर तापमान नसून त्याचा व्यस्त असतो. तरी ठरवलेलं तापमानच असतं.

६. अक्षाची जागा हा निव्वळ संकेत आहे. जमिनीखालच्या पाण्याच्या आलेखात खोली बहुधा उभ्या अक्षावर, शून्य वर ठेवून खाली उतरत जाते आणि पाण्यातले क्षार आडव्या अक्षावर असतात. पाणी किती फुटांवरचं घ्यायचं हे नमुना घेणाऱ्याने ठरवलेलं असतं, म्हणून तिथे उभ्या अक्षावर असूनही खोलीच स्वतंत्र चल.