पातळ पत्र्यावरील उठावकाम : थोड्या भांडवलाचा हुन्नर

हाताला हुन्नर हवा, पण घरात भट्टी नाही आणि गाठीला पैसा नाही, ही होतकरू कारागिरांची नेहमीची अडचण. पुण्याच्या तांबट आळीतील मठारकाम किंवा मुरादाबादच्या पितळी भांड्यांवरील नक्षी शिकायची तर दीर्घ उमेदवारी लागते. पातळ पत्र्यावरील उठावकामाची सुरुवात मात्र घरच्या टेबलावर करता येते. नावाच्या पाट्या, चौकटी, डब्यांची झाकणे आणि आरशांच्या कडा यांवर हे काम शोभून दिसते.

पत्रा कोणता घ्यावा?
मिठाईवरचा वर्ख किंवा स्वयंपाकघरातील ॲल्युमिनियमची पन्नी येथे चालत नाही. दाब पडताच फाटते. सुमारे 0.1 मिलिमीटर जाडीचा, साध्या कात्रीने कापता येणारा पत्रा घ्यावा. शिकताना ॲल्युमिनियम बरे, कारण ते नरम व स्वस्त असते. हात बसला की तांबे घ्यावे. पितळ अधिक कडक असल्याने ते शेवटी. पत्र्याची कड बोट कापते, हे ध्यानात असू द्यावे.

अवजारे
शाई संपलेले बॉलपेन, टोक गोल घासलेली बांबूची काडी, घडी घातलेली वर्तमानपत्रे आणि काचेचा तुकडा. एवढ्यावर काम भागते.

कृती
चारही बाजूंना एक इंच जागा सोडून पत्रा कापावा. तो वर्तमानपत्राच्या घडीवर ठेवून वर नक्षीचा कागद चिकटवावा आणि बॉलपेनने रेघा उमटवाव्यात. मग पत्रा उलटा करून, जो भाग उठवायचा तो मागून गोल काडीने हळूहळू दाबावा. एकदम जोर लावू नये. पुन्हा सुलटा करून काचेवर ठेवावा आणि उठावाभोवतीची जमीन टोकदार काडीने दाबून सपाट करावी. असे दोन-तीन वेळा केले की नक्षी ठसठशीत होते.

दाबून दाबून धातू कडक होतो. तांबे मंद लाल होईपर्यंत तापवून थंड केले तर ते पुन्हा नरम पडते. ॲल्युमिनियम मात्र आचेवर धरू नये. ते 660 अंश सेल्सियसला वितळते आणि त्याआधी लाल होऊन इशारा देत नाही.

अक्षरे मागच्या बाजूने आखायची असतील तर कागद उलटा लावावा. नाहीतर पाटी आरशात पाहून वाचावी लागेल. उर्दू लिपीत नुक्त्यांकडे विशेष लक्ष द्यावे. वरचा नुक्ता खाली गेला तर 'खुदा'चे 'जुदा' होते.

पोकळी भरणे
नवशिक्याकडून हीच पायरी सुटते. आम्ही केलेली पहिली पाटी दिसायला उत्तम होती, पण मागून पोकळ. पुसताना अंगठा पडला आणि अक्षर चेपले. म्हणून उठावाची मागची पोकळी थोडे फेविकॉल मिसळलेल्या प्लास्टर ऑफ पॅरिसने भरावी आणि एक-दोन दिवस नीट वाळू द्यावी. मेण भरणे सोपे, पण आपल्याकडच्या उन्हात ते मऊ पडते. तांब्याचा पत्रा भरण्याआधीच चिंच-मिठाने घासून, धुऊन कोरडा करावा.

सजावट
वरून काळा तैलरंग चोळावा आणि वाळण्याआधी फडक्याने पुसावा. खोलगट भागात काळेपणा राहतो, उठाव चमकतो. शेवटी पारदर्शक लॅकरचा पातळ हात द्यावा, म्हणजे तांबे लवकर काळवंडत नाही. मग लाकडी फळीवर बसवून, कडा मागे दुमडून बारीक चुका ठोकाव्यात.

विक्री
किंमत ठरवताना पत्रा, फळी, लॅकर, वाया गेलेले तुकडे आणि स्वतःचे तास, सर्व धरावे. मजुरी न धरता विकलेला माल खपतो खूप, पण घर चालवत नाही. शिवाय ॲल्युमिनियम चांदीसारखे दिसते. ग्राहकाने विचारो वा न विचारो, धातू कोणता ते आपणच सांगावे आणि पावतीवर लिहावे. आमच्या मते ज्या दिवशी एखादी पाटी अंगठ्याने दाबूनही चेपणार नाही, त्याच दिवशी ती बाजारात न्यावी. तोवर तिला सराव समजावे.