नेत्रसेवक डॉ. वेंकटस्वामी

तामिळनाडूतील एका लहानशा खेड्यात, शेतकऱ्याच्या घरी, १९१८ साली गोविंदप्पा वेंकटस्वामी यांचा जन्म झाला. बाळंतपणात दगावणाऱ्या स्त्रियांचे प्राण वाचवावेत, या हेतूने प्रसूतिशास्त्रात प्रावीण्य मिळवण्याची त्यांची इच्छा होती. परंतु ऐन तारुण्यात संधिवाताने त्यांना अंथरुणाला खिळवले. दुखणे ओसरले, तेव्हा हातांची बोटे कायमची वाकडी झाली होती. त्या बोटांनी लेखणी धरणेही कठीण. मग शस्त्र कसे धरावे? तरीही ते खचले नाहीत. ते नेत्रवैद्यकाकडे वळले आणि अखंड सरावाने मोतीबिंदूची नाजूक शस्त्रक्रिया करू लागले.

मोतीबिंदूमुळे डोळ्यातील भिंग गढुळते आणि हळूहळू दृष्टी जाते. शस्त्रक्रियेने ती बहुधा परत मिळते. म्हणजे कित्येक गरीब माणसे केवळ उपचारांवाचून आंधळी राहत होती. ही गोष्ट डॉक्टरांच्या मनाला सतत टोचत असे. १९७६ साली सरकारी नोकरीतून निवृत्त होताच त्यांनी मदुराई येथे अरविंद नेत्र रुग्णालय स्थापन केले. तेथे आरंभी अवघ्या ११ खाटा होत्या.

गावोगावी शिबिरे भरवून रोगी तपासले जात. शस्त्रक्रियेला पैसे पडत नसत. तरीही पुष्कळ लोक येत नसत. असे का व्हावे? कोणाजवळ गाडीभाडे नसे, कोणाला सोबत नसे. कोणी सोबत आलाच, तर त्याची रोजची मजुरी बुडे. परगावी जेवणाची सोय काय, ही चिंता निराळीच. हे ध्यानी येताच रुग्णालयाने रोग्यांना गाडीतून आणण्याची, जेवणाखाण्याची, राहण्याची आणि परत पोहोचवण्याची व्यवस्था केली. दार उघडे ठेवणे पुरेसे नसते. ज्याला दार दिसत नाही, त्याला हाताला धरून आणावे लागते.

ऐपत असलेले रोगी पैसे देत आणि त्या उत्पन्नातून गरिबांवर विनामूल्य उपचार होत. डॉक्टर मात्र दोघांचेही तेच! डोळ्यात बसवायचे कृत्रिम भिंग परदेशातून येई व फार महाग पडे. म्हणून १९९२ साली या संस्थेने मदुराईतच ‘ऑरोलॅब’ हा कारखाना काढून स्वस्त भिंगे तयार केली.

डॉ. वेंकटस्वामी २००६ साली निवर्तले. त्या वाकड्या बोटांनी एक लाखाहून अधिक शस्त्रक्रिया केल्या होत्या!

स्वाध्याय
१. संधिवातामुळे डॉ. वेंकटस्वामींच्या आयुष्यात कोणता बदल झाला?
२. शस्त्रक्रिया विनामूल्य असूनही लोक का येत नसत?
३. ‘ज्याला दार दिसत नाही, त्याला हाताला धरून आणावे लागते’ या वाक्याचा अर्थ तुमच्या शब्दांत लिहा.