अभ्यासेतर उपक्रम आणि प्रवेशाचे गणित

बोईसरहून पालघरला येताना गाडीत दहावीच्या मुलांचे पालक भेटतात आणि एक प्रश्न हमखास निघतो. "मुलगी चित्रं छान काढते, स्नेहसंमेलनातही भाग घेते, त्याचा अकरावीला काही उपयोग होईल का?" बहुतेक जण "होतो, होतो" म्हणून मोकळे होतात. कसा होतो, किती होतो आणि कधी होत नाही, हे मात्र कोणी सांगत नाही. मला ते थोडे महागात पडून कळले, म्हणून हा लेखप्रपंच.

आपल्याकडील प्रवेश गुणांवर होतो. स्नेहसंमेलनातील टाळ्यांना त्यात स्थान नाही. उपक्रमाचे गुणांत रूपांतर झाले तरच तो मोजला जातो. राज्य मंडळाच्या दहावीला चित्रकला, शास्त्रीय कला, लोककला व क्रीडा यांसाठी अतिरिक्त गुण आहेत. इंटरमिजिएट चित्रकला परीक्षेत 'अ' श्रेणी मिळाली तर ७, 'ब'ला ५ आणि 'क'ला ३. एकूण ५०० गुणांत ५ म्हणजे बरोबर एक टक्का. एवढ्याशा टक्क्याने काय होते, असे ज्यांना वाटते त्यांनी अकरावीच्या गुणवत्ता याद्या एकदा नजरेखालून घालाव्यात. २०२५ साली राज्यात २११ विद्यार्थ्यांना दहावीत शंभर टक्के मिळाले. अशा गर्दीत एका टक्क्याच्या पोटात कितीतरी मुले उभी असतात!

मला 'ब' श्रेणी होती. पण हे गुण आपोआप मिळत नाहीत. शाळेने मुदतीत प्रस्ताव मंडळाकडे पाठवावा लागतो. माझा गेलाच नाही. प्रमाणपत्र घरी ट्रंकेत सुरक्षित होते आणि मुंबईतील ज्या महाविद्यालयावर माझा डोळा होता, त्याची यादी माझ्यापेक्षा पाऊण टक्का वर बंद झाली. मी पालघरला आले. (आल्याचा खेद नाही, हे प्राध्यापकवर्गाच्या समाधानासाठी नमूद करते.)

यापेक्षा मोठा प्रश्न आहे तो प्रमाणपत्र मिळते कोणाला, हा. इंटरमिजिएटला स्थिरचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती व अक्षरलेखन येते. ज्या शाळेत चित्रकलेला स्वतंत्र शिक्षक नाही, तेथील मुलाने हे कोठे शिकावे? आपला पालघर जिल्हा वारली चित्रकलेचे माहेर. डहाणू तालुक्यातील जिव्या सोमा म्हसे यांना २०११ साली पद्मश्री मिळाली. पण पाड्यावर गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने लग्नाचा चौक लिहिणाऱ्या मुलीच्या हाती श्रेणीचा कागद नसतो. लोककलेलाही गुण आहेत, हे खरे. मात्र तेथेही मान्यताप्राप्त संस्थेचे प्रमाणपत्र लागते, आणि तारप्यावर रात्रभर नाचणाऱ्याला प्रमाणपत्र देणार कोण?

मग गुणांऐवजी सगळे व्यक्तिमत्त्वच पाहावे, असे कोणी म्हणेल. अमेरिकेत तसे पाहतात. खेळ, नाटक, समाजसेवा, निबंध, शिफारसपत्रे, सारे विचारात घेतात. ऐकायला हे फार मोहक वाटते. पण त्याचा इतिहास तितकासा मोहक नाही. १९२० नंतरच्या काळात हार्वर्डमध्ये परीक्षेच्या बळावर येणाऱ्या ज्यू विद्यार्थ्यांचे प्रमाण एक पंचमांशाच्या वर गेले, तेव्हा तेथील अध्यक्ष लॉवेल यांना ते खटकले. 'चारित्र्य' आणि 'व्यक्तिमत्त्व' या कसोट्यांना तेथे जोर आला तो या सुमारास. व्यक्तिमत्त्व मोजायला फूटपट्टी नसते, म्हणून ज्याच्या हाती निवड त्याच्या मर्जीला वाव राहतो. आपली सात-पाच-तीनची पद्धत रुक्ष आहे, पण ती सर्वांना आधीच ठाऊक असू शकते, आणि चूक झाली तर बोट ठेवून दाखवता येते. मला तीच बरी वाटते. फक्त परीक्षेचे केंद्र आणि शिक्षक जव्हार-मोखाड्यापर्यंत पोचले पाहिजेत. दिल्ली विद्यापीठात क्रीडा व कलेच्या जागांसाठी प्रमाणपत्रांबरोबर प्रत्यक्ष चाचणीही घेतात. तसे काही आपल्याकडे झाले तर भिंतीवर चौक लिहिणारीलाही आपला हात दाखवता येईल.

महाविद्यालयात आल्यावर चित्र थोडे बदलते. राष्ट्रीय सेवा योजना २४ सप्टेंबर १९६९ रोजी ३७ विद्यापीठांत सुरू झाली. तिच्यात दोन वर्षांत २४० तास काम आणि सात दिवसांचे निवासी शिबिर असते. एन.सी.सी.चे 'सी' प्रमाणपत्र असेल तर पदवीनंतर सैन्यात अधिकारी होण्यासाठी लेखी परीक्षेविना थेट मुलाखतीची वाट आहे. नव्या शैक्षणिक धोरणात तर असे उपक्रम श्रेयांकांच्या चौकटीतच आले आहेत. तरी शिबिराला जाणारे सगळे श्रेयांकांसाठी जातात असे मी म्हणणार नाही. काही जण रात्रीच्या गाण्यांसाठी जातात, आणि तेच बहुधा खड्डेही जास्त खणतात.

माझी धाकटी बहीण आता नववीत आहे आणि इंटरमिजिएटला बसणार आहे. श्रेणी कोणतीही मिळो, दहावीला प्रस्ताव देताना शाळेच्या कार्यालयातून पोच घेतल्याशिवाय घरी यायचे नाही, असे मी तिला आत्ताच बजावून ठेवले आहे.