एकाच नावाची दोन माणसं

आमच्या सूनबाईचं माहेर अमेरिकेत, व्हर्जिनियात. घराण्याचा मूळपुरुष सतराव्या शतकात इंग्लंडहून आला आणि जेम्स नदीच्या दक्षिणेला, आताच्या सरी काउंटीत, तंबाखूची शेती करून राहिला, असं त्या घरात पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले आहेत. व्याह्यांनी भरपूर पैसे मोजून एका संशोधकाकडून त्याचा इतिहास लिहून घेतला. सोनेरी अक्षरांचं, जाड पुठ्ठ्याचं पुस्तक घरी आलं. त्यातली पहिली दोन प्रकरणं साफ चुकीची आहेत. हे मी तेव्हाही सांगितलं होतं. आता लिहून ठेवतो, कारण आपली कितीतरी मुलं-मुली तिकडच्या घरांत नांदताहेत आणि नातवंडांच्या हौसेपोटी हाच खटाटोप आणखी बरेच जण करणार आहेत.

माझी सगळी नोकरी भूमी अभिलेख खात्यात गेली. नावं सारखी असतात, माणसं विसरतात, पण जमीन कुणाकडे तरी कशाने तरी येते आणि कशाने तरी जाते. फेरफार पाहिल्याशिवाय नुसत्या सातबाऱ्यावर विसंबू नये, हे आमच्याकडे नवखा कारकूनही पहिल्या वर्षात शिकतो. त्या पुस्तकात नेमका फेरफारच गायब होता.

संशोधकाचं म्हणणं असं की मूळपुरुषाला १६३७ साली मोठी सनद मिळाली आणि त्याच्या नातवाने पुढे जे शेत विकलं ते त्याच सनदेतलं. मी दोन्हींच्या चतुःसीमा काढून पाहिल्या. सनदेची जमीन एका ओढ्यावर, विकलेली दुसऱ्याच. शेजाऱ्यांची नावं वेगळी. मग ही जमीन नातवाकडे आली कशी, एवढंच मी विचारलं. उत्तर मिळालं ते व्याह्यांच्या देखत: इथले दस्तऐवज तुमच्या देशातल्यासारखे नसतात, ते वाचायला प्रशिक्षण लागतं. त्यानंतरच्या माझ्या पत्रांना पोचसुद्धा नाही. व्याही भले माणूस, ते संकोचून गप्प बसले. मला ते फार लागलं आणि अजून लागतं.

संशोधकाचा सगळा आधार म्हणजे सनदांच्या गोषवाऱ्यांचं एक छापील पुस्तक. नेल नुजेंट या बाईंनी ते गोषवारे केले, पहिला खंड १९३४ साली निघाला, आणि काम अतिशय मोलाचं आहे. पण गोषवारा म्हणजे दस्त नव्हे. मूळ सनदांच्या वह्यांची पानं रिचमंडच्या राज्य ग्रंथालयाने आता घरबसल्या पाहता येतील अशी ठेवली आहेत. ती न उघडता पुस्तक लिहिणाऱ्याला मी संशोधक म्हणत नाही.

शिवाय सनद म्हणजे काय हेही नीट समजून घ्यावं लागतं. स्वतःच्या खर्चाने एक माणूस वसाहतीत आणला की ५० एकर, असा तिथला नियम होता. आणलेल्यांची नावं सनदेच्या खाली लिहायची. म्हणजे खालच्या यादीतला माणूस जमिनीचा मालक नसतो, त्याच्या डोक्यावर दुसऱ्याने जमीन घेतलेली असते. हे हक्क विकले जात, एकच नाव दोन-दोन सनदांत वापरलं जाई, आणि माणूस येऊन बरीच वर्षं लोटल्यावरही सनद निघे. म्हणून सनदेचं वर्ष हे आगमनाचं वर्ष धरू नका. १६३५ च्या जॉर्ज मेनेफीच्या यादीत टोनी नावाचा एक ‘ईस्ट इंडियन’ आहे. आपल्या बाजूचा कुणीतरी माणूस, आणि त्याच्या नावावर दुसऱ्याने जमीन घेतली. ती ओळ वाचून मी बराच वेळ पुढे सरकलो नाही.

सरी काउंटी १६५२ साली जेम्स सिटी काउंटीतून वेगळी झाली. त्याआधीचं शोधायचं तर जेम्स सिटीचे कागद हवेत, आणि ते नाहीत. यादवी युद्धात सुरक्षित राहावेत म्हणून कित्येक काउंट्यांनी आपली दप्तरं रिचमंडला पाठवली. एप्रिल १८६५ मध्ये रिचमंड पेटलं तेव्हा ती तिथे जळाली. जेम्स सिटीचं दप्तर त्यातच गेलं. सरीचं मात्र वाचलं. पहिल्या वहीत १६५२ ते १६७२ चं सगळं एकत्र आहे: खरेदीखतं, मृत्युपत्रं, मयताच्या सामानाच्या याद्या. १६७१ पासून कोर्टाच्या कामकाजाच्या वेगळ्या वह्या सुरू होतात. अक्षर जुन्या वळणाचं, पहिल्या दिवशी एक ओळ लागत नाही. मोडी वाचलेल्या माणसाला त्याची भीती वाटू नये. कारकुनाची अक्षरलकब एकदा बसली की वही बोलायला लागते.

आणि १६७४ च्या एका खटल्यात ती बोलली. वाद डुकराचा. तिथे डुकरं जंगलात मोकळी सोडत आणि प्रत्येक मालकाची कानाला छेद देण्याची ठरावीक खूण असे, ती कोर्टात नोंदवलेली असे. कुणाच्या तरी मेलेल्या डुकराचे कान कापून टाकलेले सापडले होते आणि आमचा मूळपुरुष साक्षीला उभा होता. जबानीच्या सुरुवातीला, रिवाजाप्रमाणे, साक्षीदाराचं वय: चाळीस किंवा त्याच्या आसपास. मी ती ओळ तीनदा वाचली. १६७४ ला चाळिशीचा माणूस १६३७ ला दोन-तीन वर्षांचं पोर. ते पोर सनद घेईल कसं?

मग बाकीचं भराभर उलगडलं. सनदवाला त्याच नावाचा दुसरा. पहिल्या वहीत त्याच्या मरणानंतरची सामानाची यादी आहे, त्याच्या विधवेने पुन्हा लग्न केल्याचं आहे. त्याची जमीन मुलींकडून जावयांकडे गेली, मुलगा नव्हताच. आमच्या माणसाने थोडीशी जमीन विकत घेतली होती, तंबाखूच्या पौंडांत किंमत चुकवून, आणि त्या खतातल्या चतुःसीमा नातवाच्या विक्रीखताशी ओढ्यासकट जुळतात. सापडला फेरफार! सह्यांनीही तेच सांगितलं. सनदवाला लिहिता येणारा. आमचा निशाणी करणारा, आणि कारकुनाने ती निशाणी वहीत जशीच्या तशी उतरवलेली: एक आडवी रेघ, तिला खाली दोन छोटे पाय. जबानीखाली तीच, खताखाली तीच. आपल्या जुन्या कागदांत कुणब्याची नांगराची निशाणी असते, तसाच हा पुरावा. गोषवाऱ्यात निशाण्या सापडत नाहीत.

आमच्या माणसाचं नाव १६५० नंतरच्या एका सनदेच्या खालच्या यादीत येतं. बहुधा करारावर आलेला नोकर-पोरगा. तो हाच, असं मी ठामपणे म्हणणार नाही, कारण तिथे माझ्याकडेही फक्त नावच आहे. पण मला पक्कं वाटतं की संशोधकाला जमीनदार हवा होता, कारण जमीनदार पूर्वज विकला जातो. परक्या मुलखात राबून स्वतःच्या कमाईची जमीन करणारा निरक्षर माणूस त्याला नको होता. सूनबाईला मात्र तोच आवडला.

आता या वाटेने जाणाऱ्यांसाठी. नाव जुळलं म्हणून हुरळून जाऊ नका. जमीन, शेजारी, बायकोचं नाव आणि निशाणी, यांतल्या निदान दोन गोष्टी जुळल्याच पाहिजेत. जमीन विकताना बायको कोर्टात येऊन आपला तिसरा हिस्सा सोडल्याचं सांगे, तिचं नाव बहुतेक वेळा तिथेच मिळतं. कुणी जमीन विकली आणि तिच्या खरेदीचा कागद कुठेच नाही, तर ती वारशाने आली का ते पाहा: मृत्युपत्र नसेल तर १७८५ चा कायदा होईपर्यंत सगळी जमीन थोरल्या मुलाला जाई आणि त्याचा वेगळा दस्त होत नसे. तारखांना जपा. १७५२ पर्यंत इंग्रजांचं वर्ष २५ मार्चला बदले, त्यामुळे नोव्हेंबर १६७१ चं मृत्युपत्र ‘जानेवारी १६७१’ ला कोर्टात दाखल झालेलं दिसलं तर कारकून चुकलेला नाही. एकाच नावापुढे ‘थोरला’ आणि ‘धाकटा’ असलं की बाप-लेक समजू नका, त्यांचं एकमेकांशी काही नातं नसलं तरी तसं लिहीत. कुठल्या वहीचं कुठलं पान, हे त्याच दिवशी लिहून ठेवा. घाई करू नका. घरातल्या म्हाताऱ्यांना विचारा.

पैसे देऊन काम करून घेणार असाल तर करारातच लिहून घ्या की प्रत्येक विधानामागच्या मूळ पानाची प्रत मिळाली पाहिजे. प्रत द्यायला जो कुरकुर करतो त्याला नारळ द्या. आणि तुमच्या शिक्षणाचा किंवा देशाचा उल्लेख करून कुणी प्रश्न टाळत असेल, तर तोच प्रश्न धरून बसा. त्याच्याकडे उत्तर नाही.

जबानीची, खताची आणि यादीची प्रत मी व्याह्यांना नेऊन दिली. ती त्यांनी पुस्तकात घालून ठेवली आहे. संशोधकाने दुरुस्ती केलेली नाही, आणि ती वंशावळ आता इतर घराण्यांच्या पुस्तकांतही उतरवली जाते आहे. सरी काउंटीतला १६३७ चा जमीनदार पूर्वज म्हणून कुणी तुमच्यापुढे ठेवला, तर १६७४ ची कोर्टाची वही उघडून पाहिल्याशिवाय तो मान्य करू नका.