आपले ताट आणि जगाचा बाजार

वर्गात लठ्ठपणाविषयी बोलणे चालले होते. एका विद्यार्थ्याने विचारले, "सर, माझे दादा ताटभर भात खायचे, तरी सडपातळ होते. मग आम्हीच का जाड होतो?" (उर्दूतले दादा म्हणजे मराठीतले आजोबा, हे लक्षात ठेवा!)

प्रश्न चांगला होता. उत्तर शोधायला दूर जायला नको. आपले बेलपाडा पूर्वी भातशेतीचे गाव होते. नांगरणी, लावणी, कापणी, झोडणी ही सारी कष्टाची कामे. दिवसभर चिखलात वाकून लावणी करणाऱ्या माणसाला ताटभर भात लागतच असे. सोबत तांदळाची भाकरी आणि खाडीतली मासळी. तेल बेतानेच वापरत. १९७० साली सिडकोची स्थापना झाली. नवी मुंबई वसवण्यासाठी ठाणे, पनवेल आणि उरण भागांतील ९५ गावांच्या जमिनी घेण्याचे ठरले. शेते गेली, तसे शेतातले कष्टही गेले. ताट मात्र भरलेलेच राहिले.

पुढे त्या ताटातले पदार्थही बदलले. १९८९ मध्ये जवळच न्हावा-शेवा येथे मोठे बंदर सुरू झाले. १९९१ पासून भारताने परदेशी व्यापार खुला करायला सुरुवात केली. १९९४ मध्ये पामतेलाची आयातही खुली झाली. मलेशिया आणि इंडोनेशियातून येणारे हे तेल स्वस्त असते. त्यात तळलेले वेफर्स आणि फरसाणही स्वस्त पडते. आज आपल्या देशाला लागणाऱ्या खाद्यतेलापैकी निम्म्याहून अधिक तेल बाहेरून येते.

मेक्सिकोतही असेच घडले. १९९४ मध्ये अमेरिकेशी खुला व्यापार सुरू झाला आणि तयार खाद्यपदार्थ, गोड पेये घरोघर पोहोचली. अखेर २०१४ मध्ये तेथील सरकारला गोड पेयांवर जादा कर लावावा लागला.

लठ्ठपणा हा श्रीमंतांचा आजार, असे अजूनही काही जण समजतात. ते बरोबर नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार २००५-०६ मध्ये १५ ते ४९ वयाच्या शंभर स्त्रियांपैकी सुमारे १३ जणींचे वजन प्रमाणाबाहेर होते. २०१९-२१ मध्ये अशा २४ जणी आढळल्या. त्याच पाहणीत पाच वर्षांखालील शंभर मुलांपैकी सुमारे ३५ मुले वयाच्या मानाने ठेंगणी होती. तेल-साखरेने पोट भरते, पण वाढीसाठी लागणारी प्रथिने त्यातून मिळत नाहीत. म्हणून एकाच घरात आईचे वजन जास्त आणि बाळ खुरटलेले, असेही दिसते.

दुसऱ्या दिवशी तो विद्यार्थी वेफर्सची रिकामी पुडी घेऊन आला. (वेफर्स मलाही आवडतात, हे त्याला ठाऊक होते.) पुडीमागची बारीक अक्षरे त्याने वर्गात मोठ्याने वाचली, "बटाटा, पामतेल, मीठ."

मग तो म्हणाला, "सर, हे तेल माझ्यापेक्षा जास्त फिरले आहे!"