माप आणि वजन : एक प्रात्यक्षिक पाठ

एका लिटरच्या मापात पाणी भरले असता त्याचे वजन सुमारे एक किलो होते. त्यावरून त्याच मापातील तांदूळही किलोभरच असेल, असा मुलांचा, व क्वचित आपलाही, समज होतो. तो दूर करण्यास शालेय पोषण आहाराची कोठी हे उत्तम साधन होय.

शिक्षकांनी एकच माप घेऊन त्यात क्रमाने तांदूळ, तूरडाळ, कणीक व पोहे शिगेवाचून सपाट भरावेत, मुलांकडून तोलवावेत व वजने फळ्यावर मांडावीत. पोहे सर्वांत हलके ठरतील; कारण त्यांच्यामध्ये हवेची पोकळी अधिक. कणीक दाबून भरल्यास वजन वाढते, हेही दाखवावे.

नंतर उदाहरण घालावे. पाचवीपर्यंतच्या प्रत्येक मुलास १०० ग्रॅम तांदूळ, म्हणून ५० मुलांस ५ किलो. मापात तांदूळ ८०० ग्रॅम भरला, तर पाच मापांत चारच किलो होतो आणि दहा मुलांचा वाटा कमी पडतो. तेव्हा सव्वासहा मापे घेणे योग्य.

शेवटी प्रत्येक जिन्नसाचे मापी वजन लिहिलेली चिठ्ठी मुलांनीच तयार करून कोठीत लावावी व स्वयंपाक करणाऱ्या ताईंना वाचून दाखवावी. नवे पोते उघडले की पुन्हा तोलावे.