सॉफ्टवेअरच्या आधी मालाची यादी

व्यापाऱ्यांच्या हिशेबाच्या कामातून माझे एक मत पक्के झाले आहे. धंद्यात सॉफ्टवेअर आणून पस्तावलेले बहुतेक जण सॉफ्टवेअरमुळे फसत नाहीत, मालाच्या यादीमुळे फसतात. स्पेअर पार्टच्या दुकानाचेच घ्या. ६२०५ नंबरचे बेअरिंग म्हणजे आतला व्यास २५ मिलिमीटर, बाहेरचा ५२. पण त्यात उघडे वेगळे, दोन्ही बाजूंना पत्र्याची झाकणे असलेले झेडझेड वेगळे, रबरी सीलचे आणखी वेगळे. काउंटरवरचा मुरलेला माणूस ते बघताक्षणी ओळखतो, म्हणून वहीत कुठे नुसते '६२०५', कुठे 'बेअरिंग ६२०५', कुठे '६२०५ झेडझेड' लिहिलेले असले तरी त्याचे अडत नाही. संगणकाला ही ओळख नाही. ती यादी जशीच्या तशी चढवली की खरेदी एका नावावर पडते आणि विक्री दुसऱ्यावर. महिनाअखेरीस एका खात्यात उणे शिल्लक दिसते, दुसऱ्यात कधीच न विकलेला ढीग. मग मालकाचा स्क्रीनवरचा विश्वास उडतो, दिवाणजी पुन्हा वही काढतात आणि दोन्हीकडे अर्धवट नोंदी होऊ लागतात. यापेक्षा नुसती वहीच बरी होती.

यावर व्यापारी म्हणतात, "सरकारनेच सक्ती केली, यादी नीट करायला सवड कुठे होती?" सक्ती खरी आहे. व्यापाऱ्याने व्यापाऱ्याला केलेल्या विक्रीवर ई-इन्व्हॉइसचा नियम १ ऑगस्ट २०२३ पासून ५ कोटींच्या वर उलाढाल असलेल्यांना लागू झाला. पण ई-इन्व्हॉइसचे पोर्टल जीएसटी नंबर, एचएसएन कोड, कराची रक्कम तपासते आणि क्यूआर कोड देते. बिलातला माल फळीवर आहे की नाही, हे ते बघत नाही. कायद्यापुरते बिल निघाले म्हणजे धंदा संगणकावर आला, हा समज मला फार घातक वाटतो.

दुसरा आक्षेप माणसांबद्दलचा: जुने नोकर शिकत नाहीत. हे मला पटत नाही. तीच माणसे दिवसभर गिऱ्हाइकांचे यूपीआयचे पैसे घेतात, जमा झाल्याची खात्रीही करतात. ती कंटाळतात दुहेरी कामाला: दिवसभर कच्च्या चिठ्ठीवर लिहायचे आणि शटर ओढायच्या वेळी तेच पुन्हा टाइप करायचे. टेम्पोतून माल उतरतो तिथेच नोंद होईल अशी सोय करा. मग नोंद कोण करतो हा प्रश्न फारसा उरत नाही.

यादी नीट करताना मालाच्या मोजणीसाठी दुकान बंद ठेवायचीही गरज नाही. सर्वांत जास्त खपणाऱ्या मालाची एक फळी घ्या, प्रत्येक वस्तूला एकच नाव ठरवा आणि ते ठरवताना काउंटरवरच्या त्या मुरलेल्या माणसाला शेजारी बसवा. त्या एका फळीची नोंद आणि प्रत्यक्ष माल महिनाभर जुळला, तरच पुढची फळी घ्या. सॉफ्टवेअर विकणाऱ्याला पूर्ण पैसे त्यानंतरच द्या.